फिजिओथेरपीला जाऊ का? लातूरच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी लातूर जिल्ह्यातल्या एका गावची, वडिलांची सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती. नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा दिली, तरी सरकारी एमबीबीएस मिळेल एवढे गुण नाहीत. घरचे म्हणतात बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) घे, नावापुढे डॉक्टर तरी लागेल. तिला स्वतःला फिजिओथेरपी करावीशी वाटते, कारण आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने आजीला पुन्हा चालतं केलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं. पण मामा सांगतात, "मालिशवाल्यांचा धंदा आहे तो, पंधरा हजारांवर राबावं लागतं." तिला चार गोष्टी हव्या आहेत: पगार खरंच एवढा कमी असतो का, मान मिळतो का, परदेशी जाता येतं का, आणि घरच्यांना पटवायचं कसं.

मी सांगली-मिरज भागात बरीच वर्षं फिजिओथेरपी करते. आधी रुग्णालयात नोकरी केली, मग घरोघरी जाऊन उपचार केले, आता स्वतःचं क्लिनिक आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी तुझ्यासारख्याच नीटच्या यादीतून इकडे वळलेल्या असतात. मी वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

पगार, मान आणि परदेश हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पदवी घेऊन तू मशीन लावणारी होणार, की रुग्णाला तपासून नेमकं काय बिघडलंय ते ओळखणारी होणार? मामा ज्यांच्याबद्दल बोलतात ती माणसं खरी आहेत, मी रोज बघते. डॉक्टरांची चिठ्ठी येते, 'आयएफटी, अल्ट्रासाउंड, दहा दिवस', म्हणजे दुखऱ्या जागी विजेच्या आणि ध्वनिलहरींच्या मशीनचे उपचार. चिठ्ठी बघून पॅड लावायचे, टायमर लावायचा, टायमर वाजला की पुढचा रुग्ण. दहा दिवस संपले की रुग्णही संपला. हे काम महिनाभराच्या सरावाने कुणालाही जमतं, म्हणून त्याला पैसे तेवढेच मिळतात. यात त्या मुलामुलींचा दोष थोडाच आहे. अनेकांना शिकताना पुरेसे रुग्णच बघायला मिळालेले नसतात आणि नोकरीत तपासायला वेळ दिला जात नाही. पण मामांची तक्रार या कामाला लागू आहे, सगळ्या व्यवसायाला नाही.

तपासणं म्हणजे काय, ते एका खांद्यावरून सांगते. आमच्याकडे तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं. बाया आणि माणसं मांडवाखाली दिवसच्या दिवस हात डोक्याच्या वर धरून काम करतात. हंगाम सरला की खांदा धरून येतात आणि सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच लिहिलेलं असतं, 'खांदेदुखी'. मी बाईला खुर्चीवर बसवते, कोपर बरगडीला टेकवून काटकोनात ठेवायला सांगते आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला लावते. तिने स्वतः फिरवला तर कुठपर्यंत जातो ते बघते, मग तिने हात सैल सोडल्यावर मी फिरवून बघते. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडला, तर सांध्याचं आवरण आखडलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे फ्रोझन शोल्डर. लगेच विचारते, साखर तपासली आहे का? कारण मधुमेहींमध्ये हा आजार जास्त दिसतो, आणि कितीतरी जणींना साखर आहे हे अशा खांद्यामुळेच कळतं. मी फिरवल्यावर हात पूर्ण जातो पण तिला स्वतःला तिथे धरवत नाही, तर मी स्नायूबंधाकडे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीकडे वळते. खांदा सगळीकडे मोकळा फिरतो, पण मान वर करून बाजूला वळवली की हातात मुंग्या उतरतात, तर मूळ मानेत आहे.

चिठ्ठी एकच, पण आजार तीन. पहिल्यात बरं व्हायला महिने लागतील हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, नाहीतर पंधरा दिवसांत रुग्ण येणं बंद करतो. दुसऱ्यात कामाची पद्धत बदलून हळूहळू ताकद वाढवावी लागते. तिसऱ्यात खांद्यावर मशीन लावून काहीही होणार नाही. आणि एखाद्याचा डावा खांदा हात फिरवून दुखतच नाही, पण जिना चढताना दुखतो आणि घाम फुटतो. त्याला टेबलावर घ्यायचंच नसतं, आधी ईसीजी काढायला पाठवायचं असतं. कंबरदुखीच्या रुग्णाने सांगितलं की लघवी कळेनाशी झाली आहे किंवा बसायची जागा बधिर झाली आहे, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे धाडायचं. हे ज्याला ओळखता येतं त्याला कुणी मालिशवाला म्हणत नाही. निदान एकदा उपचार घेतल्यावर तरी नाही.

आता तुझ्या आजीबद्दल, कारण तुझी सगळी ओढ तिथून आली आहे. तुला आजी चालताना दिसली. त्याआधीचे आठवडे तुझ्या लक्षात आहेत का? अर्धांगवायूनंतर पहिल्या काळात त्या बाजूचा खांदा लुळा पडलेला असतो, सांधा निसटल्यासारखा खाली येतो. घरचे प्रेमाने काखेत हात घालून किंवा तोच हात ओढून उठवतात आणि खांद्याचं दुखणं कायमचं मागे लावून घेतात. तुमच्या फिजिओथेरपिस्टने बहुधा सगळ्यात आधी तुम्हालाच शिकवलं असेल की हात ओढायचा नाही, उशी कुठे ठेवायची, कुशीवर कसं वळवायचं. मग पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसणं. मग लुळ्या पायावर वजन घेऊन उभं राहणं, पुन्हा पुन्हा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने दिसते, नंतर वेग मंदावतो, आणि त्या मंद काळात रुग्ण, घरचे आणि कधीकधी आपणही थकतो. आजी चालली याचा मला आनंद आहे. पण सगळ्या आजी चालत नाहीत. कुणाचं यश एवढंच असतं की आता त्यांना एकट्याने संडासला जाता येतं, आणि त्या घरात त्याचं मोल चालण्याइतकंच असतं. अशा कामात तुला समाधान मिळेल का, हे तूच शोधायचं आहे. ज्याला आज औषध दिलं आणि उद्या ताप उतरला असं काम आवडतं, त्याने इकडे येऊन दुःखी होऊ नये.

बीएएमएसची तुलना मी याच अंगाने करेन. त्या अभ्यासक्रमात तुला आयुर्वेदाचा वैद्यकीय पाया मिळेल, औषधं देता येतील, गावात दवाखाना टाकता येईल. फिजिओथेरपिस्ट औषध लिहून देत नाही. आपलं साधन म्हणजे तपासणी, व्यायाम, हातांनी केलेले उपचार, काही उपकरणं आणि रुग्णाशी बोलणं. तुझ्या मनात रुग्ण तपासून गोळी लिहून देणारी तू असशील, तर घरच्यांचं ऐक, त्यात काही वाईट नाही. पण नुसतं नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून साडेपाच वर्षं घालवू नकोस. विषयात मन नाही हे प्रॅक्टिसमध्ये लोकांना लगेच कळतं.

'डॉक्टर' या शब्दाबद्दल थोडक्यात. फिजिओथेरपिस्टने ही उपाधी लावावी की नाही, यावर वाद चालू आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच ते मागेही घेतलं. माझ्या पाटीवर माझं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे. रुग्ण मला मॅडम म्हणतात, म्हातारी माणसं बाळ म्हणतात. उपाधीवरून माझं काम कधी अडलेलं नाही.

पैशांचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथे उगाच स्वप्नं दाखवली जातात. आमच्या भागात नव्या पदवीधराला खासगी रुग्णालयात साधारण 15 ते 20 हजार मिळतात, पुण्या-मुंबईत थोडे अधिक, पण तिथलं खोलीभाडं ते खाऊन टाकतं. म्हणजे मामांचा आकडा पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता बरोबर आहे. यावरच घर चालवायचं असेल किंवा मोठ्या कर्जाचा हप्ता भरायचा असेल, तर तो काळ फार जड जातो. पुढे वाट फुटते ती घरभेटींमधून. गुडघा बदललेले, अर्धांगवायूचे, खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे रुग्ण क्लिनिकला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी जायचं. आमच्याकडे एका भेटीचे 400 ते 600 रुपये लोक देतात, मोठ्या शहरात जास्त. सकाळी दोन, संध्याकाळी दोन घरं धरली तरी सुरुवातीच्या पगाराहून जास्त उत्पन्न होतं. अनुभव आणि ओळख झाल्यावर क्लिनिक. त्याला एमबीबीएसवाल्यांसारखी फार गुंतवणूक लागत नाही. तळमजल्यावरची एक खोली, दोन चांगली टेबलं, एखाद-दोन मशीन, वजनं, रबरी पट्ट्या, मोठा आरसा आणि भिंतीला धरून चालायला आडवा पाइप. तळमजला हवाच. गुडघे दुखणाऱ्याला जिना चढायला लावणारं क्लिनिक चालत नाही.

या कमाईतली एक कीड तुला आत्ताच सांगून ठेवते. काही ठिकाणी रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कट मागितला जातो. मी देत नाही. सुरुवातीला त्यामुळे रुग्ण कमी आले, हे खरं. माझे रुग्ण वाढले ते कागदामुळे. कुणाही डॉक्टरांकडून आलेल्या रुग्णाला तपासलं की मी अर्ध्या पानाची नोंद लिहून त्यांच्याकडे परत पाठवते: कोणती हालचाल किती अंश, ताकद पाचपैकी किती, काय करणार, किती आठवडे लागतील, आणि काही शंका असेल तर तीही. बऱ्याच डॉक्टरांना असा कागद आधी कुणी पाठवलेला नसतो. हळूहळू तेच फोन करून विचारायला लागतात की हा रुग्ण बघाल का, चिठ्ठीवर उपचार लिहायचं सोडून 'तपासून ठरवावे' असं लिहायला लागतात. मी सुरुवातीला म्हटलं की पगार आणि मान यांचं मूळ एकच आहे, ते याच अर्थाने.

सरकारी नोकरीची आशा घरच्यांना नक्की असेल. जागा आहेत, पण थोड्या. जिल्हा रुग्णालयं, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागा, लहान मुलांमधलं अपंगत्व लवकर ओळखण्यासाठीची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, रेल्वे, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची रुग्णालयं. जाहिरात आली की अर्ज करावा, पण त्यावर आयुष्य टांगून ठेवू नये.

आता प्रवेशाकडे येते. महाराष्ट्रात बीपीटीएचचे, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात, म्हणजे तुझी नीट वाया गेलेली नाही. बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. आजवर हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा होता, त्यात सहा महिने इंटर्नशिप. केंद्राच्या 2021 च्या कायद्याने सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि त्याने 2025 मध्ये जाहीर केलेला नवा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं. तुझ्या तुकडीला कोणता लागू होतो ते माहितीपुस्तिकेत नीट वाच, कारण घरच्यांना वर्षांचा आणि पैशांचा हिशेब द्यायचा आहे. पदवीनंतर महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायला राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते.

महाविद्यालय निवडताना इमारत, बस आणि जाहिरात बघू नकोस. एकच बघ: तिथे रुग्ण किती आणि कसले येतात. भारतातलं फिजिओथेरपीचं शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, पोलिओचा काळ होता तो, आणि ते रुग्णालयात सुरू झालं यालाच अर्थ आहे. आजही केईएम, सायन, नायर या मुंबई महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांमध्ये किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना जे बघायला मिळतं ते पुस्तकात मिळत नाही. तिथे गुणांची अट वर जाते, म्हणून खासगीकडे वळावं लागेलच. काही खासगी महाविद्यालयांची रुग्णालयंही भरलेली असतात. ती ओळखायची कशी? सकाळी अकराच्या सुमाराला न सांगता त्यांच्या फिजिओथेरपी ओपीडीत जाऊन बस. टेबलं भरलेली आहेत का? विद्यार्थी रुग्णाला हात लावतायत, की भिंतीला टेकून वही लिहितायत? एखाद्या इंटर्नला बाजूला घेऊन विचार: अतिदक्षता विभागात पाठवतात का, अर्धांगवायूचा रुग्ण पहिल्या दिवसापासून बघितलास का, लहान मुलं येतात का, स्टायपेंड मिळतो का? ती मुलगी दहा मिनिटांत जे सांगेल ते प्राचार्य तासभरात सांगणार नाहीत. ज्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा रिकाम्या आहेत, तिथे साडेचार-पाच वर्षं काढून तू मशीन लावणारीच होशील, कितीही हुशार असलीस तरी.

फीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी खेड्यातल्या पुष्कळ मुलींपर्यंत पोहोचलेलीच नसते. राज्य सरकारच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. म्हणून एजंट येऊन सांगेल की 'मॅनेजमेंटमधून सीट पक्की करून देतो', तर सवलत गमावून त्या सीटची खरी किंमत काय पडते ते आधी काढ. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क तुम्हालाच भरावं लागेल. त्याचे लेखी आकडे घे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यातलं तुला जे लागू असेल ते आत्ताच तहसीलमधून काढून ठेव. यादी लागल्यावर सेतू केंद्रापुढच्या रांगा बघवत नाहीत.

यावरून माझा साधा हिशेब असा. शुल्कसवलतीसह चांगल्या रुग्णालयाचं महाविद्यालय मिळत असेल, तर निश्चिंतपणे ये. दहा-बारा लाखांचं कर्ज काढून रिकाम्या रुग्णालयाचं महाविद्यालय मिळत असेल, तर येऊ नकोस. सुरुवातीच्या पगारातून ते कर्ज फिटत नाही. या दोन टोकांच्या मधलं काही असेल, तर ते तुमच्या घरच्या ताकदीवर आहे. वडिलांच्या मागे आणखी कोण शिकणारं आहे, शेतीचं उत्पन्न किती बेभरवशाचं आहे, हे तुलाच माहीत.

अभ्यास सोपा असेल असं समजू नकोस. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र, मृतदेहाच्या विच्छेदनासह. प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे जुळतो, कोणती नस त्याला चालवते हे तोंडपाठ हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नंतर हालचालींचं शास्त्र, व्यायामोपचार, विद्युत उपचार, मग अस्थिरोग, मेंदू व मज्जासंस्था, हृदय व श्वसन, समाजआरोग्य. लोकांना फिजिओथेरपी म्हणजे गुडघा आणि कंबर वाटते. पण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरून निघालेल्या माणसाच्या छातीतला कफ मोकळा करणं आणि त्याला पलंगाच्या कडेला पहिल्यांदा बसवणं हेही आपलंच काम आहे. मला विचारशील तर विद्यार्थ्याला खरा घडवतो तो हाच विभाग, कारण तिथे मॉनिटरवरचा आकडा बघत बघत हालचाल करावी लागते.

आणि बारीक लक्ष द्यायची सवय. गुडघा बदललेल्या रुग्णाच्या घरी गेलं की घरचे कौतुकाने दाखवतात, 'बघा मॅडम, किती वाकवतात.' मी आधी बघते की गुडघा पूर्ण सरळ होतो का. बहुतेक घरांत गुडघ्याखाली मऊ उशी दिलेली असते, कारण तसं बरं वाटतं. पण ती उशी गुडघा कायम किंचित वाकलेला ठेवते आणि शेवटचे पाच-दहा अंश अडकून बसतात. मग माणूस शस्त्रक्रियेनंतरही लंगडतो. मी उशी काढून टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवते आणि गुडघा खाली दाबायला लावते. दुखतं, रुग्ण तोंड वाकडं करतो, सून माझ्याकडे रागाने बघते. ते का करायचं हे त्या सुनेला पटवता आलं, तरच मी घरातून निघाल्यावरही ते चालू राहतं. बोलता येणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. तुला मराठवाड्याची बोली येते, आजीशी आजीच्या भाषेत बोलता येतं, ही तुझी मोठी जमेची बाजू आहे.

मुलगी म्हणून दोन गोष्टी. आपलं काम स्पर्शाचं आहे, पुरुष रुग्णही असतात. काय करणार आहे, हात कुठे ठेवणार आहे, हे आधी सांगायचं, परवानगी घ्यायची आणि मगच हात लावायचा. यामुळे रुग्णही सावरून बसतो आणि आपणही. घरभेटीला पहिल्यांदा जाताना घरात दुसरं कुणी आहे याची खात्री करून घ्यायची, पत्ता आपल्या घरी कळवून ठेवायचा, आणि मनाला काही खटकलं तर कारण न देता नाही म्हणायचं. दुसरं, हे अंगमेहनतीचं काम आहे. स्वतःची कंबर आणि हातांचे अंगठे आधी जातात. टेबलाची उंची आपल्या मापाची ठेवणं आणि वजन अंगठ्यावर न घेता शरीराने देणं पहिल्या वर्षापासून शिक. आधीपासून पाठीचा काही मोठा त्रास असेल, तर तो आधी दाखवून घे.

पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एमपीटीएच, दोन वर्षांचं. मी मुलींना सांगते की पदवीनंतर निदान वर्षभर काम करून मग करा. तोवर आपल्याला मज्जासंस्था आवडते, खेळाडू आवडतात की लहान मुलं, ते कळलेलं असतं. आमच्याकडे कुस्ती आणि कबड्डीमुळे खेळाडूंचे गुडघे सतत येतात, म्हणून सगळ्यांना क्रीडा फिजिओथेरपीचं आकर्षण असतं. पण लातूर-धाराशिव-बीड पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या कमरा, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि सेरेब्रल पाल्सीची मुलं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे बघणारे हात कमी. शिकून परत गेलीस तर तुला काम शोधत फिरावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

परदेशाचं लवकर आटोपते. जाता येतं, पण पदवी दाखवून सरळ नोकरी मिळत नाही. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या तिथल्या परिषदेची नोंदणी लागते, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात पदवीचं मूल्यमापन आणि परीक्षा, अमेरिकेत मूल्यमापनानंतर एनपीटीई ही परवाना परीक्षा. आखाती देशांत तिथल्या आरोग्य विभागाची परीक्षा आणि कामाचा अनुभव मागतात. सगळीकडे तू किती तास, कोणत्या विभागात, कसले रुग्ण बघितलेस याचे कागद विचारले जातात, म्हणून लॉगबुक पहिल्या दिवसापासून खरं आणि पूर्ण ठेव. परदेश हे एकमेव कारण असेल तर मात्र पुन्हा विचार कर. नियम बदलत राहतात.

शेवटी घरच्यांना पटवण्याचं. माझं म्हणणं त्यांना वाचून दाखवू नकोस, काही उपयोग व्हायचा नाही. त्यापेक्षा आजीला बरं करणाऱ्या त्या फिजिओथेरपिस्टला फोन कर आणि वडिलांना घेऊन एक सकाळ त्यांच्याकडे जा. वडिलांना जे विचारायचं ते त्यांनाच विचारू दे: किती मिळतात, किती वर्षं लागली, मुलगी असती तर तिला पाठवलं असतं का. सोबत लातूरच्या शासकीय रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात परवानगी मागून दोन-चार दिवस नुसती बसून बघ. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला तर तेही घरी खरं खरं सांग आणि बीएएमएसचा अर्ज भर. कंटाळा आला नाही, तर पसंतीक्रम भरताना आधी सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालयं टाक, गुण कमी वाटले तरी टाक. मग ज्यांच्या ओपीडीत तू स्वतः बसून आलीस ती खासगी टाक, गावापासून लांब असली तरी चालेल. जी पाहिलेली नाहीस ती यादीत घालूच नकोस.